संकटकाळातील पहिला खुलासा

कारखान्यात स्फोट झाला, रुग्णालयात आग लागली, बँकेच्या व्यवहारांवर निर्बंध आले किंवा घरोघरी खाल्ल्या जाणाऱ्या पदार्थात अळी सापडली, की संबंधित संस्थेपुढे एकाच वेळी दोन कामे उभी राहतात: संकट आवरणे आणि त्याविषयी लोकांशी बोलणे. पहिल्या कामासाठी तिच्याकडे माणसे, यंत्रे आणि थोडाफार सराव असतो. दुसरे काम मात्र बहुधा अंगावर येऊन पडते आणि त्या क्षणी जो वरिष्ठ अधिकारी हाताशी असेल त्याला कॅमेऱ्यासमोर उभे केले जाते. संकटकालीन माध्यमसंवाद या विषयावरील प्रशिक्षणात पोशाख, नजर, आवाजाची पट्टी आणि अवघड प्रश्न शिताफीने टाळण्याची कला यांवर बराच वेळ खर्च होतो. गाजलेल्या प्रकरणांचा माग काढला तर वेगळेच दिसते. संस्थांचे नुकसान बोलण्याच्या ढबीमुळे क्वचितच झाले आहे. ज्या गोष्टीचा पुरता उलगडा झालेला नाही ती उलगडल्याच्या थाटात सांगितली गेली आणि काही तासांत ती गिळावी लागली, हे बहुतेक फजितींचे मूळ आहे.

ही घाई का होते हे समजण्यासाठी बातमीदाराच्या कामाची लय लक्षात घ्यावी लागते. वृत्तपत्राच्या प्रत्येक आवृत्तीची वेळ ठरलेली असते, दूरच्या जिल्ह्यांत जाणारी डाक आवृत्ती तर संध्याकाळीच मार्गी लागते, आणि वृत्तवाहिनीला दर अर्ध्या तासाने पडद्याखालच्या पट्टीत नवे काही सरकवावे लागते. त्यामुळे संस्था गप्प बसली म्हणून बातमी थांबत नाही, ती फक्त संस्थेच्या बाजूविना जाते आणि तिच्या शेवटी ‘व्यवस्थापनाशी संपर्क होऊ शकला नाही’ हे वाक्य येते, जे वाचकाला जवळजवळ कबुलीजबाबासारखे वाटते. मोकळी राहिलेली जागा फाटकावरचा पहारेकरी, पाळी संपवून बाहेर पडणारा कामगार, समोरचा टपरीवाला, संघटनेचा पुढारी, स्टुडिओत बसलेला निवृत्त तज्ज्ञ आणि ‘विश्वसनीय सूत्रे’ भरून काढतात. यांपैकी कोणीही खोटे बोलत असेल असे नाही. प्रत्येक जण आपल्याला दिसलेला तुकडा सांगतो आणि बातमीदार ते तुकडे वेळेत जोडतो. म्हणून मौन आणि उतावळेपणा या दोन्ही चुका एकाच मुळातून येतात. हाती काय आहे आणि काय नाही याची वाटणी संस्थेने स्वतःशीच केलेली नसते.

अमेरिकेच्या पेन्सिल्व्हेनिया राज्यातील थ्री माइल आयलंड या अणुवीज केंद्रात 28 मार्च 1979 रोजी घडलेला अपघात या दृष्टीने बारकाईने पाहण्याजोगा आहे, कारण त्याच्या चौकशीसाठी गणितज्ञ जॉन केमेनी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने झडपा आणि पंप यांच्याबरोबरच माहिती कोणाकडून कोणाकडे व कोणत्या रूपात गेली याचीही तपासणी केली. त्या दिवशी पहाटे चारच्या सुमारास केंद्रातील दुसऱ्या संचाला पाणी पुरवणारे पंप बंद पडले, दाब कमी करण्यासाठी उघडलेली एक झडप पुन्हा मिटली नाही, आणि अणुभट्टीत पाणी भरपूर आहे अशा समजुतीने चालकांनी आणीबाणीच्या पाण्याचा ओघच कमी केला. परिणामी इंधनाचा गाभा उघडा पडून बेसुमार तापला. सकाळी सातच्या आसपास आणीबाणी जाहीर झाली. जवळच्या हॅरिसबर्ग शहरातील एका नभोवाणी केंद्राच्या वाहतूक वार्ताहराला पोलीस आणि अग्निशमन दलाच्या बिनतारी संभाषणातून काहीतरी घडल्याचा सुगावा लागला, तेव्हा त्या केंद्राच्या वृत्तप्रमुखाने वीज केंद्राला सरळ दूरध्वनी केला. टेलिफोन ऑपरेटरने तो जनसंपर्क विभागाकडे न देता थेट नियंत्रण कक्षात जोडला. पलीकडच्या माणसाने आपल्याकडे अडचण उभी राहिली असून आत्ता बोलता येणार नाही असे सांगितले आणि दुसऱ्या गावी असलेल्या कंपनीच्या मुख्यालयाकडे बोट दाखवले. 8 वाजून 25 मिनिटांनी बातमी नभोवाणीवर गेली. कोणतेही प्रसिद्धिपत्रक निघण्याआधी, धोक्याचे कर्णे वाजत असलेल्या खोलीतून, अशा रीतीने संस्थेचा पहिला खुलासा बाहेर पडला होता. संकटाच्या वेळी दूरध्वनी कोणी उचलायचा आणि कोणाकडे द्यायचा एवढा साधा नियमही ठरलेला नव्हता. कंपनीकडे किंवा सरकारी अणुनियामक आयोगाकडे अपघाताच्या वेळी लोकांना माहिती देण्याची निश्चित योजनाच नव्हती, असा निष्कर्ष केमेनी आयोगाने पुढे नोंदवला.

त्यानंतरचे तास अधिक बोधप्रद आहेत. राज्याचे उपराज्यपाल विल्यम स्क्रँटन यांनी कंपनीकडून मिळालेल्या माहितीच्या भरवशावर सकाळी अकराच्या सुमारास पत्रकारांना सांगितले की, सर्व काही नियंत्रणात असून लोकांना धोका नाही. पत्रकार परिषद संपता संपता केंद्रातून किरणोत्सर्गी पदार्थ बाहेर पडल्याचे त्यांच्या कानी आले. दुपारी कंपनीचे उपाध्यक्ष जॉन हर्बाइन त्यांना भेटले, तेव्हा वाफ बाहेर सोडली जात असल्याचे पत्रकारांना का सांगितले नाही, असे हर्बाइन यांना विचारण्यात आले. तो विषय निघाला नाही, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. तांत्रिकदृष्ट्या ते खरेही असेल, कारण तसा प्रश्न कोणी विचारला नव्हता. परंतु विचारले तेवढेच सांगायचे हा न्यायालयातील साक्षीदाराचा धर्म झाला; जिच्या भिंतीपलीकडे हजारो कुटुंबे राहतात त्या संस्थेच्या प्रवक्त्याला तो लागू पडत नाही. त्याच सायंकाळी स्क्रँटन यांनी पुन्हा पत्रकारांना बोलावून परिस्थिती कंपनीने भासवली त्यापेक्षा गुंतागुंतीची असल्याचे जाहीरपणे सांगितले. अपघाताला एक दिवसही झाला नव्हता आणि कंपनीचा शब्द तिच्या स्वतःच्या राज्य सरकारच्या लेखी निकामी झाला होता.

30 मार्चचा शुक्रवार आकड्यांचा होता. वायू साठवणाऱ्या टाकीतून ठरवून केलेल्या उत्सर्गाच्या वेळी हेलिकॉप्टरमधून थेट धुराड्यावर किरणोत्सर्ग मोजण्यात आला आणि तो ताशी 1,200 मिलिरेम भरला. मिलिरेम हे शरीराला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाच्या मात्रेचे एकक आहे. अणुनियामक आयोगाच्या दूरच्या कार्यालयात बसलेल्या तज्ज्ञांनी नेमक्या त्याच वेळी, केंद्राच्या हद्दीबाहेर जमिनीलगत किती मात्रा भरेल याचे गणित केले होते आणि योगायोगाने त्यांचेही उत्तर 1,200 आले होते. दोन वेगळ्या जागांचे आकडे एकच समजले गेले आणि लोकांना हलवण्याची शिफारस राज्य सरकारकडे गेली. सकाळी हर्बाइन पत्रकारांसमोर आले, तेव्हा पत्रकारांच्या कानावर 1,200 होते आणि हर्बाइन यांच्या कागदावर विमानातून मोजलेले 300 ते 350 होते. प्रश्नांचा भडिमार सुरू होताच, आपण करतो ती प्रत्येक गोष्ट तुम्हाला का सांगावी हे कळत नाही, असे ते उद्गारले. संकटकालीन पत्रकार परिषदांच्या इतिहासात याहून महागात पडलेली वाक्ये थोडीच असतील. आकडा कोठे मोजला, किती उंचीवर, तासाला की एकूण, हे दोन वाक्यांत सांगितले असते तर 1,200 आणि 350 या दोन्ही संख्या एकाच वेळी खऱ्या असू शकतात हे उपस्थितांना कळले असते. दुपारी राज्यपाल डिक थॉर्नबर्ग यांनी केंद्रापासून पाच मैलांच्या आतील गर्भवती स्त्रिया व शाळेत न जाणारी लहान मुले यांनी परिसर सोडावा असा सल्ला दिला. प्रत्यक्षात त्या दिवसांत सुमारे 1,40,000 लोक निघून गेले असा अंदाज आहे. किरणोत्सर्गाची मोजदाद पुढे झाली, तेव्हा दहा मैलांच्या आत राहणाऱ्यांना मिळालेली सरासरी मात्रा सुमारे 8 मिलिरेम, म्हणजे छातीच्या एका क्ष-किरण चित्राइतकी, निघाली.

राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्याच शुक्रवारी नियामक आयोगातील अभियंते हॅरल्ड डेंटन यांना केंद्रावर पाठवले आणि यापुढे अणुभट्टीविषयी फक्त डेंटन, लोकांच्या स्थलांतराविषयी फक्त राज्यपाल, अशी बोलण्याची विभागणी ठरली. डेंटन हे जनसंपर्काचे मुरलेले खेळाडू नव्हते. ते घटनास्थळी होते, त्यांना विषय कळत होता, आणि कळत नाही तेथे ते तसे म्हणत असत, एवढ्या भांडवलावर शेकडो बातमीदारांचा जमाव बराचसा निवळला. मात्र ही व्यवस्थाही एकदा फुटली. शनिवारी भट्टीत साठलेल्या हायड्रोजनच्या बुडबुड्याचा स्फोट होऊ शकेल, अशी शंका आयोगाच्या मुख्यालयातून वृत्तसंस्थेकडे पोहोचली आणि रात्री ती देशभर पसरली, तेव्हा तसा तातडीचा धोका नसल्याचे डेंटन यांना रातोरात सांगावे लागले. दुसऱ्या दिवशी कार्टर पत्नीसह केंद्रात जाऊन आले आणि बुडबुड्याविषयीचे मुख्यालयाचे गणित चुकले असल्याचेही स्पष्ट झाले. एकच प्रवक्ता नेमणे म्हणजे इतरांची तोंडे बंद करणे, असा या व्यवस्थेचा अर्थ अनेकदा घेतला जातो. खरे काम आतल्या बाजूला असते, कारण संस्थेतील सर्व कार्यालयांचे आकडे आधी एका टेबलावर येऊन एकमेकांशी जुळल्याशिवाय एकच माणूस बोलतो आहे याला काही अर्थ उरत नाही.

पहिल्या आकड्याच्या या सापळ्यात पुढेही अनेक जण अडकले. मेक्सिकोच्या आखातात 20 एप्रिल 2010 रोजी डीपवॉटर होरायझन या तेलविहीर खोदणाऱ्या फलाटावर स्फोट होऊन 11 कामगार मृत्युमुखी पडले, त्यानंतर समुद्रात रोज 1,000 पिंपे तेल जात असल्याचे प्रथम सांगितले गेले, थोड्याच दिवसांत ते 5,000 झाले, आणि सरकारी तज्ज्ञांचा अंतिम अंदाज रोज 50,000 पिंपांच्याही वर गेला. आकडा प्रत्येक वेळी वरच चढत राहिला की लोक गणितातील अडचण मानत नाहीत, लपवाछपवी मानतात. त्यात बीपी कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी टोनी हेवर्ड यांनी कॅमेऱ्यासमोर, आपल्यालाही आपले आयुष्य परत हवे आहे, असे सांगितले. ते वाक्य थकलेल्या माणसाचे होते, पण ऐकणाऱ्यांमध्ये त्या अकरा जणांची कुटुंबेही होती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये हेवर्ड यांची जागा दुसऱ्याने घेतली.

व्यवस्थापनाच्या वर्गांत याच्या उलट उदाहरण म्हणून 1982 मधील टायलेनॉल प्रकरण शिकवले जाते. शिकागो परिसरात या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कोणीतरी सायनाइड भरल्यामुळे सात जणांचा मृत्यू झाला आणि जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने सुमारे 3 कोटी 10 लाख बाटल्या बाजारातून परत घेतल्या. हे उदाहरण जरा जास्तच गुळगुळीत करून सांगितले जाते. विष बाहेरच्या माणसाने कालवले होते, त्यामुळे कंपनी आरोपीच्या पिंजऱ्यात नव्हती, ही तिची मोठी सोय होती. त्यातील कमी सांगितला जाणारा भाग अधिक उपयोगी आहे. आपल्या कारखान्यात सायनाइड वापरले जात नाही, असे कंपनीने सुरुवातीला पत्रकारांना सांगितले, नंतर चाचणीच्या कामासाठी ते अल्प प्रमाणात वापरले जात असल्याचे तिला स्वतःलाच कळले आणि तिने आधीचे विधान दुरुस्त केले. दुरुस्ती लवकर झाली आणि स्वतःहून झाली म्हणून ती निभावली. हीच गोष्ट आठवड्याने बातमीदाराने खणून काढली असती, तर त्याच बातमीला गौप्यस्फोट म्हटले गेले असते.

महाराष्ट्राला या विषयातील एक धडा ऑक्टोबर 2003 मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर मिळाला. मुंबईत कॅडबरीच्या चॉकलेटमध्ये अळ्या आढळल्याच्या तक्रारी आल्या आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने साठा ताब्यात घेतला. उत्पादन करताना कीड लागणे शक्य नाही, दुकानांत माल नीट साठवला न गेल्याने ती लागली असावी, असा कंपनीचा पहिला खुलासा होता. येथे चूक आकड्याची नव्हती, कारणाची होती, आणि ती अधिक नाजूक असते, कारण कारण सांगताच दोष कोणाचा हेही सांगितले जाते. प्रशासनाने लगेच उलट सवाल केला: दुकानात कीड आत शिरली असे मानले, तरी ती शिरू देणारे वेष्टन कोणाचे? दुकानदारांकडे बोट दाखवणारा खुलासा त्या एका प्रश्नासरशी कंपनीवरच उलटला, शिवाय ज्यांच्या गल्ल्यावरून माल विकला जायचा तेच दुकानदार दुखावले. पुढे ‘विश्वास’ या नावाने मोहीम आखून कंपनीने लाखाच्या वर दुकानदारांपर्यंत साठवणुकीविषयीची माहिती नेली, अधिक खर्च सोसून हवाबंद वेष्टन आणले आणि 2004 च्या सुरुवातीला अमिताभ बच्चन यांना जाहिरातीत उतरवले. बच्चन यांच्या जाहिरातीचे कौतुक फार झाले. परंतु बातमीदाराच्या प्रश्नाला खरे उत्तर मिळाले ते नव्या वेष्टनाने.

प्रत्यक्ष मुलाखतीच्या बाबतीतही बराचसा निकाल अगोदरच लागलेला असतो. ध्वनिमुद्रित मुलाखत वीस मिनिटे चालली तरी वाहिनीच्या बातमीत तिचा दहा-पंधरा सेकंदांचा तुकडा, ज्याला वृत्तकक्षात ‘बाइट’ म्हणतात, तेवढाच लागतो, आणि कोणता तुकडा निवडायचा हे संपादकाच्या हाती असते. म्हणून विसाव्या मिनिटाला वैतागून काढलेला एखादा शब्द आधीच्या एकोणीस मिनिटांना खाऊन टाकतो. थेट प्रक्षेपणात काटछाट होत नाही, परंतु बोललेले परतही घेता येत नाही. बातमीदार उत्तरानंतर मुद्दाम थोडा वेळ गप्प राहतो, ती शांतता असह्य होऊन अधिकारी आणखी काही बोलतो, आणि बातमी त्या ‘आणखी काही’तूनच निघते. प्रश्नातील बोचरा शब्द नाकारण्यासाठी म्हणून उच्चारला, तरी तो उत्तर देणाऱ्याच्या तोंडचा होतो: निष्काळजीपणा झाला का, या प्रश्नावर ‘निष्काळजीपणा झालेला नाही’ असे म्हटले की दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यात निष्काळजीपणा हाच शब्द झळकतो. अमेरिकेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी नोव्हेंबर 1973 मध्ये आपण भामटे नसल्याचे सांगितले आणि तो शब्द त्यांना कायमचा चिकटला. ‘ऑफ द रेकॉर्ड’, म्हणजे छापायचे नाही या अटीवर बोलणे, हाही दोघांमधला करार असतो आणि तो बोलण्याआधी व्हावा लागतो; सगळे सांगून झाल्यावर ‘हे छापू नका हं’ असे म्हणणे म्हणजे विनंती झाली, आणि ती मानण्याचे बातमीदारावर बंधन नसते. बातमी छापण्यापूर्वी दाखवा, असा आग्रह धरणेही व्यर्थ असते, कारण तो मान्य करणाऱ्या बातमीदाराची त्याच्याच कार्यालयात शोभा होते. आकडे आणि तांत्रिक संज्ञा तपासून घ्या, वाटल्यास रात्री उशिरापर्यंत दूरध्वनी करा, असे म्हटले तर बहुतेक बातमीदार आनंदाने तसे करतात.

भारतीय संस्थांमध्ये या सगळ्यावर एका वाक्याचे झाकण ठेवण्याची रीत आहे: ‘प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याने भाष्य करणे उचित होणार नाही.’ वकिलांची भीती निराधार नसते. गुन्हा नोंदवला गेला असेल, तर दोषाविषयी बोललेला प्रत्येक शब्द पुढे न्यायालयात वाचला जाऊ शकतो. परंतु जखमी किती, ते कोणत्या रुग्णालयात आहेत, नातेवाइकांनी कोणाला विचारावे, उरलेला कारखाना सुरू आहे की बंद, यांपैकी कशालाही न्यायप्रविष्टतेची बाधा येत नाही, आणि पहिल्या दिवशी लोकांना तेवढेच हवे असते. मृतांची नावे घरच्यांना कळवण्यापूर्वी वाहिनीवर जाऊ न देणे हा कोणाला आधी कळवायचे या क्रमातील अलिखित पण अढळ नियम आहे. कामगारांना आपल्याच कारखान्याची बातमी दूरचित्रवाणीवरून कळावी, हेही तितकेच अनुचित.

क्वचित प्रसंगी कोणी, केव्हा आणि काय सांगायचे हे कायद्यानेच बांधून दिलेले असते. 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबई हल्ल्याच्या वेळी वाहिन्यांनी सुरक्षा दलांच्या हालचाली थेट दाखवल्या, त्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने कसाब खटल्याच्या 2012 मधील निकालात कडक ताशेरे ओढले, आणि 2015 मध्ये केबल दूरचित्रवाणीच्या नियमांत दुरुस्ती होऊन दहशतवादविरोधी कारवाई संपेपर्यंत थेट चित्रणाऐवजी नियुक्त अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेली माहितीच दाखवण्याचे बंधन आले. ‘वेळोवेळी’ हा शब्द येथे कळीचा आहे. पुढची माहिती सायंकाळी सहाला मिळेल असे सांगून खरोखर सहाला कोणी आले, मग नवे सांगण्यासारखे काही असो वा नसो, तर मधल्या वेळातील अफवांची निम्मी हवा निघून जाते. तीच वेळ एकदा चुकवली की पुढच्या वेळेवर कोणी विसंबत नाही.

थ्री माइल आयलंडच्या बाबतीत बातमीदार, कंपनी, राज्यपाल आणि डेंटन यांच्यापैकी कोणालाच 1979 मध्ये खरी हानी ठाऊक नव्हती. 1982 मध्ये बंद अणुभट्टीत कॅमेरा सोडला गेला, तेव्हा गाभ्याच्या जागी पोकळी दिसली, आणि त्यानंतरच्या तपासण्यांतून इंधनाचा जवळजवळ निम्मा भाग वितळला असल्याचे निष्पन्न झाले.